घडलेला गुन्हा आणि नोंदलेला गुन्हा

भारतातील गुन्ह्यांची अधिकृत आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, ‘क्राइम इन इंडिया’ या वार्षिक अहवालातून प्रसिद्ध करतो. या मालिकेतला पहिला अहवाल 1953 सालचा आहे. विभागाची स्थापना 1986 मध्ये झाली. अहवाल बाहेर पडला की राज्यांची क्रमवारी लागते, सत्ताधारी आणि विरोधक आपापल्या सोयीचे तक्ते उचलतात आणि अमुक राज्यात गुन्हेगारी इतक्या टक्क्यांनी वाढली हा निष्कर्ष दोन दिवसांत पक्का होऊन बसतो. अहवालातला आकडा म्हणजे समाजात घडलेल्या गुन्ह्यांची संख्या, असे या वाचनात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे तर आहेच, शिवाय ते घातकही आहे. त्याच्यामुळे तक्रारदाराला बसवून घेऊन फिर्याद लिहिणारे पोलीस ठाणे नापास ठरते आणि त्याला दारातून परत पाठवणारे ठाणे पास होते.

आकडा तयार कसा होतो, ते आधी पाहावे लागेल. पोलीस ठाण्यात एफआयआर दाखल झाला की त्याला गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळतो. ठाण्याची माहिती जिल्ह्याकडे, जिल्ह्याची राज्याकडे आणि राज्याची दिल्लीला जाते. महाराष्ट्रात हे संकलन पुण्याचा राज्य गुन्हे अन्वेषण विभाग करतो. 2009 मध्ये मंजूर झालेल्या सीसीटीएनएस प्रकल्पामुळे ठाणी संगणकांनी जोडली गेली. कागदी तक्त्यांची दिरंगाई कमी झाली, पण मोजणीचे एकक बदलले नाही. ते एकक आजही एफआयआर हेच आहे. जो प्रसंग एफआयआरपर्यंत पोहोचला नाही तो आकडेवारीपुरता घडलेलाच नाही.

पोहोचण्याआधीच तो कुठे कुठे गळतो, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. लोकलच्या गर्दीत एखाद्याच्या खिशातून मोबाईल जातो. तो ठाण्यात जाऊन ‘चोरीला गेला’ असे सांगतो. समोरचा ठाणे अंमलदार विचारतो, ‘कोणी काढला ते पाहिलं का?’ पाहिलेले नसते. मग ‘गहाळ झाला असं लिहून द्या, सिमकार्ड लगेच मिळेल,’ असा सल्ला मिळतो. तक्रारदारालाही सिमकार्डच हवे असते. गहाळ झाल्याचा दाखला त्याच्या हाती पडतो आणि एक चोरी आकडेवारीतून नाहीशी होते. दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. नवऱ्याने मारले म्हणून बाई ठाण्यात येते. हाड मोडलेले नसते, टाके पडलेले नसतात. साधी दुखापत आणि शिवीगाळ हे अदखलपात्र गुन्हे. एनसीची पावती देऊन तिला घरी पाठवले जाते. राष्ट्रीय अहवालात मोजले जातात ते फक्त दखलपात्र गुन्हे. तिच्या छळाला क्रूरतेचे दखलपात्र कलम लागू शकत होते की नाही, हे त्या टेबलावर, त्या पाच मिनिटांत ठरलेले असते.

राज्यांच्या तुलनेत या गृहीतकाचा फोलपणा सर्वांत स्वच्छ दिसतो. लोकसंख्येच्या प्रमाणात नोंदलेल्या एकूण गुन्ह्यांत केरळ वर्षानुवर्षे वरच्या राज्यांत असते. बिहार त्याच्या बरेच खाली. त्यावरून केरळ अधिक गुन्हेगार ठरवायचे, तर खुनाचा तक्ता आडवा येतो. 2022 मध्ये दर लाख लोकसंख्येमागे खुनाचे प्रमाण केरळात 0.9 आणि बिहारमध्ये 2.3 होते. ज्या राज्यात माणसे अडीचपट प्रमाणात मारली जातात, तिथे चोऱ्यामाऱ्या मात्र कमी होतात, हे पटण्यासारखे नाही. केरळात लोक ठाण्यात जातात आणि त्यांची नोंद होते, हे स्पष्टीकरण अधिक सरळ आहे.

काळाच्या तुलनेतही तेच. 2019 मध्ये देशात 51,56,172 दखलपात्र गुन्हे नोंदले गेले; 2020 मध्ये 66,01,285. वाढ अठ्ठावीस टक्के. त्या वर्षी रस्ते ओस होते, चोरी आणि जबरी चोरीच्या नोंदी घटल्या होत्या. मग आकडा फुगला कशाने? सरकारी आदेशाचा भंग या भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खालील प्रकरणे एका वर्षात 29,469 वरून 6,12,179 वर गेली. टाळेबंदीत घराबाहेर पडलेला माणूस आणि दरोडेखोर एकाच बेरजेत आले. तसेच 2012 मध्ये बलात्काराच्या 24,923 नोंदी होत्या, 2013 मध्ये 33,707 झाल्या. मधल्या काळात दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या अमानुष घटनेनंतर कायद्याने बलात्काराची व्याख्या विस्तारली, संमतीचे वय सोळावरून अठरा केले आणि अशी फिर्याद न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद केली. त्या वाढीत स्त्रियांनी मिळवलेले धैर्यही मोजले गेले आहे. तिला ‘गुन्हेगारीचा स्फोट’ म्हणणे हा त्या स्त्रियांवर अन्यायच आहे.

अपहरणाचा तक्ता तर काळजीपूर्वकच वाचावा लागतो. मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या प्रत्येक तक्रारीवर एफआयआर नोंदवण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच होता, कारण हरवलेल्या मुलाच्या शोधात पहिले काही तास फार मोलाचे असतात. पण त्यामुळे घरात रागावून निघून गेलेला पंधरा वर्षांचा मुलगा, मित्राबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगी आणि खंडणीसाठी पळवलेले बालक हे सगळे अपहरण या एकाच गंभीर शीर्षकाखाली येतात.

इथे उलट बाजूचा पक्ष उभा राहतो. आकडे इतके सदोष असतील तर ते टाकाऊच समजावेत, असे तो म्हणतो. हाही आळशी निष्कर्ष आहे. सगळे आकडे सारखे सदोष नाहीत. मृतदेह लपवणे अवघड असते. काही खून अकस्मात मृत्यूच्या नोंदीत दडतात हे खरे, तरी खुनाचा आकडा इतर कोणत्याही आकड्यापेक्षा वास्तवाच्या जवळ असतो. वाहनचोरीचेही तसेच. विमा कंपनी एफआयआरची प्रत मागते, पुढे ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा अहवालही मागते, म्हणून मालक नोंद झाल्याशिवाय ठाण्यातून हलत नाही. ज्या गुन्ह्यात नोंदीसाठी बाहेरून रेटा असतो तिथला आकडा भरवशाचा, आणि जिथे तक्रारदार एकटा, गरीब किंवा भेदरलेला असतो तिथला आकडा लंगडा. खोट्या फिर्यादींनी आकडे फुगतात हा आक्षेपही वारंवार घेतला जातो, पण तपासाअंती खोट्या ठरलेल्या प्रकरणांचा वेगळा तक्ता त्याच अहवालात असतो. आक्षेप घेणारे तो उघडत नाहीत.

आता वर्गीकरणाकडे. एकाच एफआयआरमध्ये अनेक कलमे असतील तर त्यांतल्या सर्वाधिक शिक्षेच्या कलमाखाली तो एकदाच मोजायचा, असा एनसीआरबीचा ‘मुख्य गुन्हा’ नियम आहे. रात्री घर फोडून लूट झाली, घरातल्या स्त्रीवर बलात्कार झाला आणि तिचा जीव घेतला गेला, तर तक्त्यात खून एक. घरफोडी, लूट आणि बलात्कार आपापल्या तक्त्यांत दिसत नाहीत. ही विसंगती इतकी बोचू लागली की ‘बलात्कारासह खून’ असे स्वतंत्र शीर्षक करावे लागले. त्यातली प्रकरणे बलात्काराच्या एकूण आकड्यात मात्र मिळत नाहीत. नियमाचे समर्थक म्हणतात की एक घटना दोनदा मोजली जाऊ नये. हे समर्थन कागदी तक्त्यांच्या काळात ठीक होते. घटना किती आणि गुन्हे किती, या दोन बेरजा संगणकाला वेगळ्या ठेवता येतात. अमेरिकेत एफबीआयने 1930 पासून असाच श्रेणीचा नियम पाळला आणि 2021 मध्ये तो सोडून घटनानिहाय नोंदीची पद्धत स्वीकारली. पहिल्या वर्षी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससारख्या शहरांची माहितीच आली नाही आणि राष्ट्रीय आकडेवारीत मोठे खिंडार पडले, हेही नोंदवले पाहिजे. घाईने केलेल्या बदलाची ती किंमत होती. भारतात प्रत्येक एफआयआरची सर्व कलमे सीसीटीएनएसमध्ये आधीच भरलेली असतात. ती मोजायची राहिली आहेत, एवढेच.

गंभीर गुन्हा कोणता, याचे उत्तर कायदा शिक्षेच्या वर्षांत देतो. बाल न्याय अधिनियम, 2015 ने क्षुल्लक, गंभीर आणि घोर असे तीन वर्ग केले. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा घोर. मग ज्या गुन्ह्यांना कमाल शिक्षा सात वर्षांहून जास्त, पण किमान शिक्षाच नाही, ते कुठे ठेवायचे? सदोष मनुष्यवध असाच या वर्गवारीबाहेर लोंबकळत राहिला होता. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल खटल्यात असे गुन्हे ‘गंभीर’ या वर्गात धरायला सांगितले आणि 2021 मध्ये कायद्यातही तशी दुरुस्ती झाली. पाच वर्षे कायद्यात अशी पोकळी राहू शकते, यावरून वर्गीकरण हे निसर्गदत्त नसते हे ध्यानात यावे.

ठाण्याच्या पातळीवर तर ही रेषा आणखी लवचिक होते. पाच किंवा अधिक जणांनी लुटले तर दरोडा, चौघांनी लुटले तर जबरी चोरी. फिर्यादीत ‘चार अनोळखी इसम’ लिहिले की दरोड्यांचा तक्ता कोरा राहतो. कोयत्याचा वार खुनाचा प्रयत्न मानायचा की घातक शस्त्राने केलेली दुखापत, हे हेतूवर ठरते, आणि पहिल्या रात्री हेतू लिहिणारा फिर्याद घेणारा अधिकारी असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. पूर्वी मंगळसूत्र ओढून नेल्यास चोरीचे किंवा जबरी चोरीचे कलम लागत असे. त्यामुळे यापुढे जबरी चोऱ्या घटलेल्या दिसल्या, तर त्या घटल्या की दुसऱ्या रकान्यात गेल्या, हे तपासल्याशिवाय कुणी पाठ थोपटून घेऊ नये. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची घटनास्थळी भेट बंधनकारक केली आहे. तरतूद उत्तम आहे. मनुष्यबळ अपुरे असेल तिथे मात्र कलम सात वर्षांच्या खाली ठेवण्याचा मोह वाढेल.

हा मोह येतो कुठून? दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत ठाणेदाराला दोन प्रश्न विचारले जातात: गुन्हे वाढले का, आणि उघडकीस किती आणले. आरोपी सापडण्याची शक्यता नसलेली प्रत्येक चोरी नोंदवली की दोन्ही उत्तरे बिघडतात. ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2013 मध्ये दखलपात्र गुन्ह्याची नोंद सक्तीची ठरवली, पण निकालाच्या बाजूला ही बैठक तशीच भरत राहिली. बढती, बदली आणि शाबासकी कमी आकड्याशी बांधलेली असेपर्यंत न्यायालयाचा आदेश एकटा पुरणार नाही. म्हणून नोंदींच्या संख्येवरून अधिकाऱ्याचे मूल्यमापन थांबवणे ही पहिली सुधारणा हवी. त्याऐवजी 112 वर आलेले कॉल, गहाळ दाखले आणि एनसी यांतले नमुने बाहेरच्या यंत्रणेने तपासावेत, आणि त्यांतल्या किती प्रसंगांत एफआयआर व्हायला हवा होता ते प्रसिद्ध करावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलीस निरीक्षणालयाने 2014 मध्ये असेच केले. कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे 19 टक्के नोंदलेच गेले नव्हते, असे आढळले. त्याच वर्षीच्या जानेवारीत पोलिसी आकड्यांचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जाही काढून घेण्यात आला होता. त्याने पोलीस दलाची बेअब्रू झाली नाही; नोंदणी सुधारली.

दुसरी गरज पीडितांच्या सर्वेक्षणाची आहे. अमेरिकेत ते 1973 पासून, इंग्लंड आणि वेल्समध्ये 1982 पासून चालते: घरोघरी जाऊन, गेल्या ठरावीक काळात तुमच्याबाबत काय घडले आणि तुम्ही पोलिसांकडे गेलात का, असे विचारले जाते. भारतात सरकारी पातळीवर असे नियमित राष्ट्रीय सर्वेक्षण नाही. लोक अशा प्रश्नांची उत्तरे देणार नाहीत, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने तो केव्हाच खोडून काढला आहे. 2019-21 च्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ 14 टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितल्याचे सांगितले, आणि मदतही प्रामुख्याने घरच्यांकडेच मागितली होती. 77 टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. जे त्या कुणाशीच बोलल्या नव्हत्या ते त्यांनी दारात आलेल्या प्रशिक्षित प्रगणक बाईला सांगितले. कर्ज, आजारपण आणि शिक्षणाचा खर्च यांची राष्ट्रीय नमुना पाहणी अनेक दशके करणाऱ्या देशाला चोरी, मारहाण आणि फसवणूक यांची फेरी जड जाऊ नये.

असे सर्वेक्षण झाले की दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवता येतील. जिथे दोन्ही आकडे मोठे आहेत तिथे गुन्हे जास्त आहेत आणि पोलीस ते लिहून घेत आहेत. तिथे मनुष्यबळ द्यावे. जिथे सर्वेक्षणाचा आकडा मोठा आणि एफआयआरचा लहान, तिथल्या पोलीस महासंचालकांकडून विधिमंडळाने खुलासा मागावा.