मोहोर भरघोस, बिया मोजक्या

मलकापूरपासून आंबा घाटापर्यंतच्या डोंगरउतारांवर काजू मोहरला, की बागायतदार उत्पन्नाचा हिशेब मांडू लागतो. मोहोर भरघोस दिसतो, पण हाती लागणाऱ्या बिया मोजक्याच असतात. मग दोष ढगाळ हवेला किंवा ढेकण्या किडीला दिला जातो. त्यांचा वाटा असतोच. पण परागीभवनाचा विचार फारसा होत नाही.

काजूच्या एकाच तुऱ्यात नर आणि द्विलिंगी फुले असतात. नर फुलांची संख्या जास्त, आणि त्यांना फळ धरत नाही. द्विलिंगी फुलालाही वेळेवर पराग मिळावा लागतो. काजूचा पराग चिकट असल्याने वाऱ्यापेक्षा मधमाश्यांसारखे कीटकच तो वाहून नेतात. शिवाय फूल उमलताच स्त्रीकेसर पराग घ्यायला तयार होतो, तर त्याच फुलाचे पराग नंतर मोकळे होतात. दुसऱ्या फुलाचा पराग मिळावा, अशीच ही रचना आहे.

बदामाच्या बहुतेक जातींना दुसऱ्या जातीचा परागच लागतो. काजू तितका हट्टी नाही. त्याला स्वतःच्या परागानेही फळ धरते. मात्र दुसऱ्या जातीचा पराग मिळाल्यास फळधारणा सुधारू शकते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच कलमांची बाब महत्त्वाची ठरते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१मध्ये ‘वेंगुर्ला-४’ आणि १९९७मध्ये ‘वेंगुर्ला-७’ या जाती दिल्या. त्या चांगल्याच आहेत. पण एका जातीची सगळी कलमे म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. संपूर्ण बाग एकाच जातीची असेल, तर शेजारच्या झाडाचा परागही परका नसतो.

त्यातच ऐन मोहोरात भरदिवसा कीटकनाशक फवारले, तर ढेकण्याबरोबर मधमाशीही मरते. फवारणी टाळता येत नसेल, तर शिफारशीप्रमाणे आणि मधमाश्यांचा वावर थांबल्यावर, संध्याकाळी करावी. बांधावरची रानझाडे राखावीत, सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून काजू कलमांना अनुदान मिळते. हे अनुदान देताना एकाच वेळी मोहरणाऱ्या दोन-तीन जाती मिसळून लावण्याचा सल्लाही कृषी विभागाने आवर्जून द्यावा. काजूची बाग अनेक वर्षांसाठी लावली जाते; लागवडीच्या वेळी झालेली चूक पुढे सहजी सुधारता येत नाही.