नियम हवा, मर्जी नको

केंद्र सरकारमधील सहसचिव, संचालक आणि उपसचिव या पदांवर बाहेरच्या तज्ज्ञांना थेट घेण्याचा निर्णय तीन दिवस टिकला. १७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाने ४५ जागांची जाहिरात दिली. २० ऑगस्टला कार्मिक राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी आयोगाच्या तत्कालीन अध्यक्ष प्रीती सुदान यांना पत्र लिहून ती रद्द करायला सांगितले. विरोधकांनी याला आपला विजय म्हटले, सत्ताधाऱ्यांनी याला सामाजिक न्यायाची बूज म्हटले. या दोन दाव्यांच्या गलक्यात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. देशाचा कारभार हाकणारी वरिष्ठ पदे कोणत्या नियमाने भरायची, हा तो प्रश्न. जी पद्धत एका जाहिरातीने सुरू होते आणि एका पत्राने बंद पडते तिला पद्धत म्हणता येत नाही. ती मर्जी आहे, आणि उच्चपदांच्या नेमणुकांत आज मर्जीचाच कारभार चालू आहे.

सहसचिव हा मंत्रालयातील किंवा विभागातील एका शाखेचा प्रमुख असतो. धोरणाचा मसुदा त्याच्या टेबलावर आकार घेतो, निविदांच्या अटी त्याच्या नजरेखालून जातात, राज्यांशी पत्रव्यवहार त्याच्या सहीने होतो. सचिव आणि मंत्री अखेरचा निर्णय घेतात, पण कोणते पर्याय त्यांच्यापुढे यायचे हे बहुतेक वेळा या पातळीवर ठरते. म्हणून या खुर्चीवर कोण बसतो आणि तो तिथे कसा पोहोचतो, हे जाणण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

नेहमीची वाट भारतीय प्रशासकीय सेवेतून आणि इतर केंद्रीय सेवांतून जाते. सुमारे सोळा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर अधिकाऱ्याचे नाव सहसचिवपदाच्या पात्रता यादीत येते किंवा गळते. यादीतील नावांतून नागरी सेवा मंडळ शिफारस करते. शेवटचा शब्द मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचा असतो आणि त्या समितीत पंतप्रधान आणि गृहमंत्री असे दोघेच असतात. गोपनीय अहवालांच्या जोडीला अलीकडे वरिष्ठ, कनिष्ठ आणि सहकारी यांच्याकडून अधिकाऱ्याविषयी गुपचूप मत घेण्याची रीत आली. ही रीत अपारदर्शक आणि व्यक्तिनिष्ठ असल्याचे संसदेच्या स्थायी समितीने २०१७ मध्येच नोंदवले होते. तरीही ती चालू राहिली. म्हणजे आतून वर येणाऱ्यालाही आपण का निवडले गेलो किंवा का वगळले गेलो हे कळत नाही. नियमाच्या जागी मर्जी बसल्याचा हा पहिला पुरावा.

बाहेरून येण्याची वाटही नवी नाही. विजय केळकर अर्थशास्त्रज्ञ म्हणून सरकारात आले आणि पेट्रोलियम सचिव, पुढे अर्थसचिव झाले. वसंत गोवारीकरांनी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग सांभाळला, रघुनाथ माशेलकरांनी १९९५ पासून वैज्ञानिक संशोधनाचा, तर अनिल काकोडकरांनी २००० ते २००९ या काळात अणुऊर्जेचा. यांतला एकही सनदी अधिकारी नव्हता आणि या मराठी माणसांच्या कामाबद्दल कोणाला शंका नाही. पण वैज्ञानिक विभागांचा प्रमुख वैज्ञानिकच असावा ही परंपरा रुळली, तशी कोणतीही परंपरा वा नियम इतर मंत्रालयांत रुळला नाही. तिथे केळकरांसारखी माणसे आली ती त्या त्या वेळच्या राज्यकर्त्यांना सुचले म्हणून. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने बाहेरच्यांच्या प्रवेशाची शिफारस केली, २०१७ मध्ये नीती आयोगाने ती पुन्हा मांडली. २०१८ मध्ये सहसचिवांच्या १० जागांची जाहिरात निघाली, ६,०७७ अर्ज आले आणि ९ जण निवडले गेले. तेव्हापासून ऑगस्ट २०२४ पर्यंत या वाटेने ६३ नेमणुका झाल्या आणि त्यांपैकी ३५ जण खासगी क्षेत्रातून आले. एवढे होऊनही संसदेने त्यासाठी एकही कलम संमत केलेले नाही.

आरक्षणाचा वाद याच पोकळीतून जन्मला. एकच जागा असलेल्या संवर्गात आरक्षण लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ मध्ये चंडीगडच्या वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात सांगितले आहे. सरकारने ४५ जागांतील प्रत्येक जागा स्वतंत्र, एकल पद मानली आणि आरक्षणाचा हिशेब शून्यावर आणला. त्याच जागा एकत्र मोजल्या तर टक्केवारीप्रमाणे सहा अनुसूचित जातींना, तीन अनुसूचित जमातींना, बारा इतर मागासवर्गीयांना आणि चार आर्थिक दुर्बल घटकाला मिळाल्या असत्या. सनदी सेवेच्या वरच्या पायऱ्यांवर वंचित समाजांतले अधिकारी आधीच थोडे दिसतात. तिथेच आरक्षणाला बगल देणारी रचना करणे अन्यायाचे होते. रद्द करण्याच्या पत्रात सामाजिक न्यायाची आठवण आहे, पण ६३ नेमणुका होईपर्यंत ती सरकारला झाली नव्हती. मित्रपक्ष आणि विरोधक दोघेही बोलू लागले तेव्हा ती झाली. सामाजिक न्याय हा नियम असेल तर तो पहिल्या जाहिरातीपासून पाळायला हवा होता.

या घोळाची झळ देशाबाहेरही पोहोचते. दुबईच्या जेबेल अली भागातील डिस्कव्हरी गार्डन्स ही भारतीय कुटुंबांनी गजबजलेली मध्यमवर्गीय वसाहत आहे आणि त्यांत मराठी घरेही आहेत. जेबेल अलीचे बंदर आणि १९८५ पासूनचे मुक्त क्षेत्र तिथून जवळ आहे. बंदर, जहाजवाहतूक, मालसाठा, बांधकाम, बँका यांत मुरलेल्या मध्यमवयीन माणसांचा हा परिसर. अमिरातीत परक्यांना नागरिकत्व जवळपास मिळतच नाही, त्यामुळे तिथल्या भारतीयांचा पासपोर्ट वर्षानुवर्षे भारतीयच राहतो. सहसचिवपदासाठी १५ वर्षांचा अनुभव आणि ४० ते ५५ हे वय, अशी अट होती. बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करणारे भारतीय नागरिकही पात्र होते. म्हणजे अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या अभियंत्याला जे दार बंद होते, ते डिस्कव्हरी गार्डन्समधल्या अभियंत्याला उघडे होते. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे ते काम आहे. मोठी कंटेनर बंदरे रोज चालताना पाहिलेल्या माणसांचा अनुभव अशा वेळी सरकारला हवाच असतो.

पण या माणसाने कशाच्या भरवशावर अर्ज करायचा? करार तीन वर्षांचा, वाढला तर पाच वर्षांचा. परतायचे म्हणजे नोकरी सोडायची, निवासी व्हिसा गमवायचा, मुलांची शाळा बदलायची आणि दिल्लीत नव्याने घर मांडायचे. एवढे करूनही ज्या पदासाठी यायचे ते राजकीय वारा फिरताच नाहीसे होऊ शकते, हे ऑगस्टच्या तीन दिवसांनी दाखवून दिले. ज्याच्याकडे खरे कौशल्य आहे त्याच्यापुढे इतर वाटा असतात. तो अनिश्चितता पाहून मागे फिरतो. मर्जीवर चालणारी भरती अशा रीतीने आरक्षणाचे नुकसान करते आणि गुणवत्तेचेही.

अमिरातीत वेगळे चित्र दिसते. तिथले उपराष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान शेख मोहम्मद बिन रशीद यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये युवा खात्याच्या मंत्रिपदासाठी समाजमाध्यमावरून तरुणांचे अर्ज मागवले आणि जानेवारी २०२४ मध्ये अंतराळवीर सुलतान अल नेयादी यांची नेमणूक झाली. असा झपाटा भारतात का नाही, असे कोणाच्याही मनात येईल. पण तिथे निवड करणारा राज्यकर्ता मतदारांना उत्तर द्यायला बांधील नाही. भारतात आहे. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने वरिष्ठ कार्यकारी सेवा स्थापन केली आणि राजकीय नेमणुकांचे तिच्यातील प्रमाण १० टक्क्यांच्या आत बांधून ठेवले. तिथेही या पदांवरून भांडणे होतात, पण ती कायद्याच्या चौकटीत होतात. भारताने घ्यायचा धडा हा आहे.

महाराष्ट्राने हाच खेळ त्याआधीच्या वर्षी पाहिला. खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला आणि आंदोलनांनंतर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे राज्यसेवेची २५ तारखेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली गेली. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवणारा मुलगा आणि जेबेल अलीत नोकरी करणारा अभियंता यांची मागणी एकच आहे: नियम आधी सांगा, सर्वांना सारखा लावा आणि मध्येच बदलू नका.

म्हणून संसदेने कायदा करावा. बाहेरून किती टक्के पदे भरायची हे त्यात लिहावे. एका पातळीच्या सर्व जागा एकत्र मोजून आरक्षण लावावे. अमुक पदासाठी बाहेरचाच माणूस का हवा, याचे कारण जाहिरातीतच द्यावे. निवड लोकसेवा आयोगाने करावी आणि तिचे निकष प्रसिद्ध करावेत. खासगी कंपनीतून आलेल्याने आपले हितसंबंध जाहीर करावेत. निवृत्त सनदी अधिकाऱ्याला सरकारच्या परवानगीशिवाय खासगी नोकरी धरायची तर एक वर्ष थांबावे लागते. तसे बंधन करार संपवून जाणाऱ्यालाही असावे. आतापर्यंतच्या ६३ जणांच्या कामाचा ताळेबंद सरकारने संसदेपुढे मांडावा. आतून वर येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पात्रता यादीलाही हाच उजेड हवा, वगळलेल्याला कारण कळायला हवे. जाहिरात रद्द करून सरकारने एक वाद टाळला, उणीव मात्र तशीच ठेवली. असा कायदा झाला नाही, तर पुढची जाहिरातही अशीच निघेल आणि अशीच मागे जाईल.