जुन्या विहिरींचे लाड

विहीर म्हातारी झाली की तिला मशीन, कामगार म्हातारा झाला की त्याला गेट. या देशाचं तेलधोरण मला एवढंच कळतं. बाकीचं कळायला इंजिनियर व्हावं लागतं आणि मी मॅट्रिक, गोदीत माल उचलणारा. तरी बोलणार. कारण परदेशातून मशिनी पेटीबंद होऊन येतात तेव्हा त्यांना इथला पहिला हात आमच्यासारख्यांचा लागतो.

मुंबई हाय. मुंबईपासून 160 किलोमीटर आत, भर समुद्रात. 1974 साली 'सागर सम्राट'नं तिथं तेल शोधलं, 1976 च्या मे महिन्यात ते निघायला लागलं. 1989 मध्ये रोजचं तेल चार लाख पिंपांच्या वर गेलं होतं. 2024 उजाडेपर्यंत ते दीड लाखाच्याही आत आलं. विहिरी थकल्या. मग 2025 च्या जानेवारीत ओएनजीसीनं दहा वर्षांसाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक सल्लागार नेमलं. बीपी म्हणते, कच्चं तेल 44 टक्क्यांपर्यंत वाढवून देऊ, गॅस 89 टक्क्यांपर्यंत. आधी ठरलेली फी, पुढं जे वाढीव निघेल त्याच्या हिशेबानं पैसे. म्हणजे विहिरीची नाडी बघायला लंडनचा डॉक्टर आला. येऊ द्या. फक्त 2010 साली अमेरिकेच्या आखातात याच बीपीच्या विहिरीचा स्फोट झाला आणि 11 कामगार मेले, हे विसरू नका.

मी वर्धा जिल्ह्याचा. तेल काढणं म्हणजे काय हे शिकायला आम्हाला समुद्रावर जायची गरज नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघवाल्यांनी बैलघाणी सुधारली, ती 'वर्धा घाणी' म्हणून नावारूपाला आली. पण कुठल्याही घाणीचं घ्या, पेंडीत तेल राहतंच. ते काढायचं तर दाब वाढवा, खर्च वाढवा, नवं यंत्र आणा. मुंबई हायचं तेच. तेल चुनखडकात मुरलेलं. सुरवातीला ते आपल्या जोरावर वर आलं, मग जोर ओसरला. आता समुद्राचं पाणी गाळून दाबानं खाली ढकलायचं, म्हणजे ते तेलाला विहिरीकडं रेटतं. विहिरीच्या नळीत गॅस सोडायचा, म्हणजे तेल हलकं होऊन चढतं. तेलाबरोबर पाणी येतं, ते निवडायला आणखी यंत्र. एकेका नळीसाठी, एकेका झडपेसाठी बार्ज जातात, वेल्डर जातात, फिटर जातात, रिगर जातात.

घाणीचं नाव झालं. बैलाचं नाव कुणी विचारलं?

2021 चा मे महिना आठवा. तौक्ते वादळ येणार हे हवामान खात्यानं आधी सांगितलं होतं. 'पी-305' नावाचा बार्ज तरी मुंबई हायच्या पट्ट्यातच थांबला. त्यावर 261 माणसं. 17 मे रोजी नांगर तुटले, बार्ज भरकटला, बुडाला. तो आणि 'वरप्रदा' नावाचा टग मिळून 80 हून जास्त माणसं गेली. काही प्रेतं ओळखायला डीएनए तपासावा लागला. ती माणसं ओएनजीसीचंच काम करत होती, पण ओएनजीसीची नव्हती. ठेकेदाराची होती, काही तर ठेकेदाराच्या ठेकेदाराची. मरण एक आणि मालक तीन.

त्याच्या आधी 2005. मुंबई पाण्यात बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 27 जुलैला, 'समुद्र सुरक्षा' जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची बोटं कापली. त्याला उपचारासाठी टोपलीतून प्लॅटफॉर्मवर चढवलं. खवळलेल्या समुद्रात जहाज तेलगॅसच्या नळीवर आदळलं आणि आख्खा प्लॅटफॉर्म पेटला. 22 जण मेले. प्लॅटफॉर्म पुढं नवा बांधला. त्यात काही चूक नाही. पण नव्या लोखंडाचं टेंडर निघतं तसं मेलेल्या माणसाच्या पोरांचं टेंडर निघत नाही.

हे काय समुद्रावरच होतं? माझ्या जिल्ह्यात पुलगावला लष्कराचा दारूगोळा डेपो आहे. 20 नोव्हेंबर 2018 ला सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, सहा जण मेले. त्यात ठेकेदारानं लावलेले मजूर होते, आसपासच्या गावांतले. काम सरकारचं, बाँब सरकारचे, मेलेला माणूस मात्र खासगी!

आता तुमच्याकडं येतो, दोस्तहो. तुम्ही बीए झालेले, आयटीआय झालेले, अनुशेष भरा म्हणून मोर्चात घोषणा देणारे. मीही दिल्यात, घसा बसेपर्यंत. (आम्हा विदर्भवाल्यांना हा शब्द आईच्या दुधातून मिळतो, सिंचनाचा अनुशेष, रस्त्याचा अनुशेष, सगळ्याचा अनुशेष.) पण राखीव जागेचं रोस्टर सरकारी कंपनीच्या ऑफिसात असतं. ते बार्जवर जात नाही. ठेकेदाराच्या मस्टरवर राखीव जागा नसते. जितकं काम टेंडरवर जाईल तितकं रोस्टर आखूड होईल. कायम जागाच निघाली नाही तर अनुशेष कशाचा मोजणार, कप्पाळाचा? आरक्षण कुणी रद्द केलं नाही. फक्त कामच त्याच्याखालून काढून घेतलं.

आणि गंमत बघा. ठेक्यावर आपली माणसं भरपूर सापडतात. गोदीत माझ्या टोळीत बघितलं तर अर्धे आडनावावरून ओळखू येतील. तिथं मेरिटवाला कुणी ओरडत नाही की आमच्यावर अन्याय झाला.

1970 चा कंत्राटी कामगारांचा कायदा निदान कागदावर म्हणत होता, की बारमाही चालणाऱ्या कामात सरकार ठेकेदारी बंद करू शकतं. 20 मजुरांपासून तो लागू व्हायचा. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता आल्या, तो कायदा त्यांच्या पोटात गेला आणि 20 चे 50 झाले. आता 49 मजूर लावणारे ठेकेदार पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतील.

यंत्राला माझा विरोध आहे असं कुणी समजू नका. सेवाग्रामच्या जिल्ह्यात वाढलो तरी या बाबतीत मी बाबासाहेबांचा. यंत्रानं माणसाला फुरसत मिळाली पाहिजे, असं ते गांधीवाद्यांना ठणकावून सांगत होते. क्रेननं पोतं उचललं तर माझी मान वाचते. माझ्या बापानं हिंगणघाटला जिनिंगमध्ये गठाणी वाहिल्या, पन्नाशीत त्याची पाठ गेली, त्याला कुणी दाबानं पाणी सोडून उभा केला नाही. मी यंत्राचा दुश्मन कसा होईन? मी विचारतो, यंत्रानं वाढलेलं तेल कुणाच्या घरात जातं.

कॅलिफोर्नियात लाँग बीच नावाचं शहर आहे. तिथल्या विहिरीही म्हाताऱ्या. इतकं तेल उपसलं की काही ठिकाणी जमीन जवळजवळ नऊ मीटर खचली, मग पाणी आत सोडून ती थांबवावी लागली. तो भांडवली देश, त्याचं कौतुक मला नाही. पण त्या तेलाच्या उत्पन्नात शहराचा वाटा आहे. आपल्याकडं भर समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी थेट दिल्लीला जाते. मुंबईच्या वाट्याला नाव आलं, आणि पी-305 ची प्रेतं मुंबईच्याच धक्क्यावर उतरली.

'सागर सम्राट'चं पुढं काय झालं माहीत आहे? एकेकाळी एक रुपयाच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. म्हातारं झालं तरी त्याला भंगारात काढलं नाही. दुरुस्त केलं, रूप पालटलं आणि फिरतं उत्पादन केंद्र म्हणून पुन्हा समुद्रात कामाला लावलं. लोखंडाला पुनर्जन्म आहे इथं.

मग बीपीला वाढीव पिंपामागं पैसे देताना त्याच कागदावर अजून चार ओळी लिहा. या कामावर जाणारा प्रत्येक माणूस ओएनजीसीच्या नोंदीत नावानं असेल. ठेक्याच्या भरतीतही राखीव जागा असतील. वादळाचा इशारा आला की बार्ज बंदरात येईल, ठेकेदाराचा कितीही खाडा झाला तरी. आणि मेला तर त्याच्या घरी नोकरी, नुसता चेक नाही. तोवर 44 टक्क्यांचा आकडा आम्हाला ऐकवू नका. आधी मस्टर दाखवा.