नडगीचे दुखणे अंगावर काढायचे नसते

रायपूरच्या उत्तरेला उरला औद्योगिक क्षेत्र आहे. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने आणि अवजड वाहनांनी उखडलेले रस्ते. अशा भागातल्या तरुणासाठी सरकारी नोकरीचा एक मार्ग पायांवरून जातो. केंद्रीय सशस्त्र दलांच्या शिपाई भरतीत पुरुषांना २४ मिनिटांत ५ किलोमीटर धावावे लागते, अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर. महाराष्ट्रातल्या पोलीस भरतीचे १६०० मीटरही याच जातीचे. जाहिरात निघाली की एरवी न पळणारी मुलेही रोज पहाटे राउंड मारू लागतात आणि काही आठवड्यांत अनेकांच्या नडगीची आतली कड ठणकू लागते. मग सल्ल्यांना तोटा नसतो.

पहिला सल्ला जोशाचा: दुखले तरी पळत राहा, हाड पक्के होते. यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो घातक आहे. भाराने हाड बळकट होते खरे, पण आधी जुना भाग झिजवला जातो आणि मग नवा भरला जातो. या भरणीला महिने लागतात. मधल्या काळात हाड उलट नाजूक असते. नेमक्या त्याच वेळी भार वाढत गेला, तर सूज आणि वेदनेवरून गोष्ट तड्यावर जाते. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांची नोंद केली होती. ते तडे होते, हे कळायला क्ष-किरणांचा शोध लागावा लागला.

जोशवाले स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळेचा दाखला देतात. तो तपासून पाहावा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा लहानपणी शाळेसाठी कित्येक किलोमीटर पायपीट करत होता. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि त्यानंतर शर्यतींकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य जिंकणाऱ्या पायांमागे वर्षानुवर्षांचा भार होता. सहा आठवड्यांच्या तयारीला त्याचे नाव जोडणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

दुसरा सल्ला: पळण्याआधी ताण द्या, दुखणार नाही. ऑस्ट्रेलियन लष्करातल्या १,५३८ नव्या जवानांवर झालेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पळण्याआधी स्नायू ताणणाऱ्या गटात पायांच्या दुखापती म्हणाव्या तेवढ्या कमी झाल्या नाहीत. तिसरा सल्ला महागड्या बुटांचा. अमेरिकी सैन्यदलांनी तळपायाची कमान पाहून बूट वाटले, तरी दुखापती घटल्या नाहीत. फाटका, दबलेला बूट जरूर बदलावा, पण हजारो रुपये मोजून हाडाला मुदतवाढ मिळत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे म्हणणे. दर आठवड्याला फक्त दहा टक्के वाढवा, मग निर्धास्त राहा. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंचे दोन गट केले होते. एकाला ८ आठवड्यांचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला १३ आठवड्यांचा सावकाश. दोन्हींत सुमारे पाचवा हिस्सा जखमी झालाच. याचा अर्थ घाई चालते असा नव्हे. सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून लगाम वेळापत्रकाच्या हाती न देता दुखण्याच्या हाती द्यावा.

तो कसा द्यायचा, हे अंगठ्याने कळते. खाली बसून घोट्यापासून वर नडगीची आतली कड दाबत जावी. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात दुखत असेल, पळताना सुरुवातीला ठणकून नंतर कमी होत असेल, तर बहुधा हाडावरचा ताण आहे. पळणे थांबवून सायकल किंवा पोहणे धरावे. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाच सावकाश वर-खाली करत पोटऱ्या बळकट कराव्यात. दाबून दुखायचे थांबले की चालणे आणि पळणे आलटून पालटून सुरू करावे. पण एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागी कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर अस्थितज्ज्ञ गाठावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, तड्याची शंका एमआरआयने फिटते. नडगीच्या पुढच्या कडेवरचा तडा तर भरून यायला फार वेळ घेतो.

ताटाकडेही बघावे लागते. अमेरिकी नौदलातल्या नव्या महिला जवानांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर असे तडे सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्याचे २००८ च्या अभ्यासात दिसले. फुटाणे खाऊन दिवसातून दोनदा राउंड मारणाऱ्या मुलाचे हाड भरायचे कशातून?

‘तारीख पुढ्यात आहे, थांबलो तर वर्ष गेले,’ हा आक्षेप खरा आणि कळवळ्याचा आहे. पण हिशेब मांडला तर ताण ओळखून दोन-तीन आठवडे थांबणारा मुलगा मैदानावर परत येतो. तडा गेला की दोन-तीन महिने जातात आणि ती भरतीही जाते. म्हणून भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांनी पळण्याची तयारी जाहिरातीशी न बांधता वर्षभर चालवावी, आठवड्यातून एकदा प्रत्येकाची नडगी दाबून पाहावी आणि दुखते म्हणणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणणे थांबवावे.