वाय-फाय जोडलंय, पण साइट उघडत नाही? लॅपटॉप फॉरमॅट करायची घाई नको

‘वाय-फाय लागलंय, पण एकही साइट उघडत नाही. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल.’ मावसभावाचा फोन आला तेव्हा परीक्षेचा फॉर्म भरायला एकच दिवस उरला होता. शिवाय कॉलेजच्या प्रोजेक्टची एकुलती एक कॉपी त्याच लॅपटॉपमध्ये. इंजिनिअरिंग केलेल्या नातेवाइकाचा घरच्यांना उपयोग तो एवढाच!

माझं स्पष्ट मत आहे : फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. आधी दोष राउटरचा की लॅपटॉपचा, हे ठरवा. फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि त्याच वाय-फायवर एखादी साइट उघडा. (डेटा बंद करायला बहुतेक जण विसरतात आणि मग निष्कर्षच चुकतो.) फोनवरही नेट नसेल, तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा. फोनवर चालत असेल, तर लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. तिथे चालला, तर लॅपटॉपवर घरच्या वाय-फायसाठी ‘फर्गेट’ निवडून पासवर्ड पुन्हा टाका.

भावाचा लॅपटॉप हॉटस्पॉटवरही अडला. म्हटलं, कोपऱ्यातली तारीख वाच. ती चक्क जानेवारी २०१९ होती! आतली नाण्याएवढी बॅटरी संपली, की लॅपटॉप बंद केल्यावर घड्याळ मागे जातं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. लॅपटॉप २०१९मध्ये असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला अवैध वाटतं आणि ब्राउझर साइट अडवतो. घड्याळ चुकल्याचं ब्राउझर इंग्रजीत सांगतही होता, पण ती सूचना ना याने वाचली, ना दुकानदाराने. फॉरमॅट करून प्रोजेक्ट गेला असता आणि बॅटरी तशीच राहिली असती.

तारीख बरोबर असूनही अडत असेल, तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ आहे. त्याने फाइल्सना धक्का लागत नाही. मात्र साठवलेले वाय-फाय पासवर्ड पुसले जातात, तेव्हा आधी लिहून ठेवा. नेट नुसतं मंद असेल, तर राउटरजवळ बसून ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा; भिंतीपलीकडे मात्र २.४ बरं.

फॉर्म रात्री अकराला भरला गेला. बॅटरी अजून बदललेली नाही; रोज सकाळी तो आधी तारीख लावतो.