ऐपत बघून कॉलेज निवडणाऱ्यांच्या बाजूने

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात पडले की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पैशाचं नंतर बघू, आधी पोराला चांगल्या कॉलेजात घालू.’ हे बोलणं प्रेमापोटी असतं, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. मला ते अडवायचं आहे. कारण त्याची किंमत नव्व्याण्णव पर्सेंटाइलवाले मोजत नाहीत. ती मोजतात साठ-सत्तर पर्सेंटाइलची, गणितात थोडी अडखळणारी पण कष्टाला न कचरणारी मुलं, आणि त्यांचे आईबाप.

पहिला युक्तिवाद असा, की नाव मोठं असेल तर नोकरी आपोआप लागते. सीओईपी किंवा व्हीजेटीआयचं नाव मोठं आहे, हे कबूल. पण तिथल्या जागा गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकालाच भरतात. सत्तर पर्सेंटाइलच्या मुलापुढे ‘मोठं नाव’ म्हणून जे येतं ते वेगळंच असतं : हायवेवर होर्डिंग लावणारं खासगी विद्यापीठ, नाहीतर एखाद्या नावाजलेल्या संस्थेतली मॅनेजमेंट कोट्याची जागा. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा छापलेला असतो. तो एका मुलाचा असतो. आपल्या मुलाच्या शाखेत गेल्या वर्षी किती जण शेवटच्या वर्षाला होते, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला काय पगार मिळाला, हे तीन आकडे पालकांनी लेखी मागावेत. शिवाय कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांच्या अटींत पदवीचे टक्के आणि बॅकलॉग नसणं ही अट बहुधा असतेच. विषय राहिलेल्या मुलाला कॉलेजचं नाव त्या दारातून आत नेत नाही.

दुसरा युक्तिवाद कर्जाचा. ‘नोकरी लागली की फेडेल तो.’ हिशेब कागदावर मांडून बघा. वर्षाला २ लाख, चार वर्षांचे ८ लाख. व्याज १० टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. ते साधं धरलं तरी २ लाख ८० हजार होतं. मग १० लाख ८० हजार रुपये सात वर्षांत फेडायचे, म्हणजे महिन्याला जवळपास १८ हजारांचा हप्ता. आता पुण्यात किंवा नाशकात नव्या इंजिनिअरचा पहिला पगार २० हजार असेल, तर खोलीचं भाडं आणि मेस कशातून भागवायची? अशा वेळी शेताचा तुकडा विकला जातो, नाहीतर धाकट्या बहिणीचं शिक्षण आखडतं घेतलं जातं. तिला कुणी विचारलेलंही नसतं. मला सर्वांत जास्त चीड येते ती याची.

‘म्हणजे गरिबाच्या, मध्यम गुणांच्या पोरांनी मोठी स्वप्नं बघूच नयेत का?’ हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचं उत्तर कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, अर्जातच आहे. त्यात शेकडो पर्याय भरता येतात आणि वरचे पर्याय भरायला जादा पैसा पडत नाही. स्वप्नातली कॉलेजं खुशाल वर ठेवा. त्यांच्या खाली गेल्या वर्षीचा कटऑफ आपल्या गुणांच्या आसपास असलेली कॉलेजं, आणि तळाला नक्की मिळतील अशी, जिथे जायची खरोखर तयारी आहे. मात्र पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो, म्हणून जिथे फी झेपणार नाही ते नाव पहिल्या क्रमांकावर नको.

कॅपमधून जाण्याचा दुसरा फायदा थेट पैशाचा आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना याच उत्पन्नमर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही सवलत गेली, अभिमत विद्यापीठात गेलात तरी गेली. विकास शुल्क, मेस आणि भाडं तर या सवलतीत कुठेच धरलेलं नसतं. हे प्रवेशाच्या खिडकीपाशी कळून उपयोग नाही.

इंजिनिअरिंगच्या बाहेरही हेच. एकाच आवारात अनुदानित बीएस्सीची फी काही हजारांत असते आणि शेजारच्या विनाअनुदानित तुकडीची तिच्या कित्येक पट. दोन्हीकडे लॅब तीच, ग्रंथालय तेच. हा फरक चौकशी केल्याशिवाय कळत नाही. गणित कच्चं असलेल्या मुलाने दहावीनंतर सरकारी पॉलिटेक्निकला डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला जाणं हा तर मला उत्तम मार्ग वाटतो. वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्या मुलाला पदवीची पुस्तकं कमी परकी वाटतात.

जवळचं, झेपणारं कॉलेज म्हणजे हार, ही समजूत महाराष्ट्राच्या इतिहासाशीही जुळत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. बाबासाहेबांच्या संस्थेचं मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये औरंगाबादला उभं राहिलं, मराठवाड्यातल्या मुलांना शिक्षण त्यांच्याच भागात मिळावं म्हणून. ज्यांच्या घरी पैसा नव्हता त्यांच्यासाठीच ही दारं उघडली गेली. फीची काळजी नसलेला मुलगा लॅबमध्ये उशिरापर्यंत थांबतो, एखादा विषय राहिला तरी खचत नाही. म्हणून परवडणं ही मला कॉलेजच्या दर्जाचीच एक कसोटी वाटते.

माझी मागणी कनिष्ठ महाविद्यालयांकडे आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर यांना ऐन प्रवेशाच्या गर्दीत वेळ लागतो, आणि कागद नाही म्हणून हक्काची सवलत हातची जाते. बारावीची परीक्षा संपताच वर्गशिक्षकांनी पालकांना बोलवावं, तहसीलचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत, आणि गेल्या वर्षीचे कटऑफ व शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी यांचे तक्ते त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवावेत.