गोदाम एक, चर्च अनेक

रमजानमध्ये भुकेशी रोज ओळख होते. असरनंतर घसा कोरडा पडतो, जीव मगरिबकडे लागतो. अजान होते, खजूर तोंडात पडते आणि सारे विसरायला होते. रोजेदाराच्या भुकेला अशी ठरलेली वेळ असते. ज्या घरातले पीठच संपले आहे, तिथल्या भुकेला ती नसते.

अशा घराची हाक इंग्लंडमधील सॉल्सबरी गावात २००० साली एका आईने दिली. पॅडी आणि कॅरोल हेंडरसन हे ख्रिस्ती दांपत्य तेव्हा बल्गेरियातील रस्त्यावरच्या मुलांसाठी मदत गोळा करत होते. त्यासाठी कॅरोल यांच्या आईच्या वारशातून १९९७ मध्ये ‘ट्रसेल ट्रस्ट’ उभा राहिला होता. त्या आईने फोन करून विचारले की माझी मुले आज उपाशी झोपणार आहेत, त्याचे काय? दूरदेशीच्या भुकेसाठी धडपडणाऱ्यांना गावातली भूक दिसली नव्हती. पॅडी यांनी घरामागची शेड आणि गॅरेज रिकामे केले आणि तिथे डबाबंद अन्न साठवायला सुरुवात केली. तीच पहिली फूडबँक.

पुढचे काम एका कुटुंबाचे राहिले नाही. २००४ पासून इतर गावांतील चर्चना हीच पद्धत शिकवली जाऊ लागली. आज या जाळ्यात १,२०० हून अधिक केंद्रे आहेत आणि त्यांतली बहुसंख्य चर्चच्या आधाराने चालतात. एका चर्चच्या सभागृहात वाटप, दुसऱ्याच्या तळघरात साठा, तिसऱ्याचे स्वयंसेवक डब्यांवरच्या तारखा तपासून फळ्या लावणार. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, कॅथलिक. यांच्यात जुने आणि खोल मतभेद आहेत. कॅथलिक आणि अँग्लिकन आजही एकाच वेदीवरून प्रसाद घेत नाहीत. पण साखर, चहा, पास्ता आणि दुधाचे डबे एकाच गोदामात येतात. शरद ऋतूत पिकाच्या कृतज्ञतेचा सण होतो, तेव्हा वेदीपुढे भाज्या-फळांची रास लावण्याची जुनी रीत आहे. आता अनेक ठिकाणी तिथे टिकाऊ डबे ठेवले जातात आणि प्रार्थना आटोपली की ते थेट फूडबँकेत जातात.

मदतीची पद्धतही पाहण्यासारखी आहे. डॉक्टर, शाळा, समाजसेवक किंवा सल्ला केंद्र गरजूला चिठ्ठी देते. चिठ्ठी दाखवली की किमान तीन दिवसांचा शिधा मिळतो. पिशवी भरेपर्यंत चहा दिला जातो, कोणी शेजारी बसून ऐकून घेते. चिठ्ठी मागण्यातही मान खाली जाते, हा आक्षेप खरा आहे. तरी दारोदार हात पसरण्यापेक्षा ते बरे. शिवाय चिठ्ठी देणाऱ्याला त्या घराची अडचण आधीच माहीत असते.

यात अभिमानाबरोबर लाजही आहे. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात या जाळ्याने ३१ लाखांहून अधिक पिशव्या वाटल्या, त्यांतल्या ११ लाखांहून अधिक मुलांसाठी होत्या. श्रीमंत देशात सरकारी मदतीचा पहिला हप्ता हाती पडायला पाच आठवडे लागतात, तोवर घर कशावर चालणार? म्हणूनच संस्था सरकारला जाब विचारते आणि फूडबँकांची गरजच उरू नये, हे आपले उद्दिष्ट सांगते. शिधा वाटणे आणि सरकारला जाब विचारणे, दोन्ही तिला करावे लागते.

कुरआनातील सूरह माऊन यतिमाला धक्के देणाऱ्याचा धिक्कार करते. गरिबाला जेवू घालण्यासाठी इतरांना प्रवृत्त न करणाऱ्यालाही ती त्याच रांगेत बसवते. एकट्याने दिले म्हणजे जबाबदारी संपली, असे तिथे नाही. ब्रिटनमध्ये रमजानच्या दिवसांत मशिदींतूनही फूडबँकांना धान्य जाते. वायव्य लंडनमध्ये २०१३ पासून ‘सुफ्रा’ नावाची संस्था भुकेल्यांसाठी काम करते. सुफ्रा म्हणजे जेवणासाठी अंथरायचा दस्तरखान. तिथे बसायला धर्म विचारला जात नाही.

आपल्याकडे देणारे हात कमी नाहीत. रमजानमध्ये अडीच टक्के जकात निघते, ईदच्या नमाजपूर्वी फितरा दिला जातो, वरून सदका असतोच. पण एकाच गावात प्रत्येक मशिदीची यादी वेगळी, प्रत्येक मंडळाची किट वेगळी. मसलकी भांडणात कोण कोणाच्या दारात जाणार? परिणामी ओळखीच्या विधवेकडे चार पिशव्या पोहोचतात आणि गल्लीच्या टोकाला नव्याने भाड्याने राहायला आलेल्या मजुराच्या घरी एकही नाही. त्यात पिशवीबरोबर फोटो. घेणाऱ्या बाईचा चेहरा दुसऱ्या दिवशी साऱ्या मोहल्ल्याच्या मोबाइलवर फिरतो, आणि पुढच्या वर्षी ती रांगेत येत नाही.

गावातल्या मशिदींना एक यादी करायला चांद दिसण्याची वाट पाहावी लागत नाही. उधारीची वही किराणा दुकानदाराकडे असते. कोणते मूल रिकाम्या पोटी येते, हे शाळेतल्या बाईंना माहीत असते. कोणत्या घरात कमावता माणूस अंथरुणाला खिळला आहे, हे आशाताई सांगू शकतात. यादीत शेजारचा बिगरमुस्लिम असेल तर नफली सदका त्यालाही देता येतो, त्याला कुणाचीच हरकत नाही. मशिदीच्या एखाद्या खोलीत दोन कपाटे आणि तराजू ठेवला, तर हे काम ईदनंतरच्या अकरा महिन्यांतही चालू शकते. शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यात किटची गाडी येत नाही, पण पीठ त्या आठवड्यातही संपते.